धावणारे वाढले, सरासरी मंदावली!

आज तुमच्यापुढे एक कोडे ठेवायचे आहे. ते आहे धावण्याच्या शर्यतींचे. पण सुटणार आहे ते पायांनी नव्हे, तर कागद-पेन्सिलीने.

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटरांची शर्यत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात ही शर्यत १९७६ साली प्रथमच शहराच्या पाचही विभागांतून धावली गेली. त्या वर्षी बिल रॉजर्स याने ती २ तास १० मिनिटे १० सेकंदांत जिंकली. त्याच शहरात २०२३ साली इथिओपियाचा तामिरात तोला २ तास ४ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला. म्हणजे विजेता पाच मिनिटांहून अधिक वेगवान झाला.

आता विजेत्यांना सोडून देऊ आणि हौसेने धावणाऱ्या सामान्य माणसांकडे पाहू. एखाद्या वर्षी अमेरिकेत मॅरेथॉन पुरी करणाऱ्या सर्व पुरुषांना त्यांच्या वेळेप्रमाणे एका ओळीत उभे केले, तर त्या ओळीच्या बरोबर मधोमध जो येईल त्याची वेळ म्हणजे त्या वर्षीचा 'मध्यक'. १९८० साली हा मध्यक सुमारे ३ तास ३२ मिनिटे होता. २०१४ साली तो सुमारे ४ तास १९ मिनिटे झाला. स्त्रियांचा मध्यक त्याच काळात सुमारे ४ तास ४ मिनिटांवरून ४ तास ४४ मिनिटांवर गेला.

वेगाच्या भाषेत सांगायचे तर १९८० सालचा 'मधला' पुरुष एक किलोमीटर सुमारे पाच मिनिटांत तोडत होता. २०१४ सालच्या मधल्या पुरुषाला त्याच किलोमीटरला सहा मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागत होता.

पुढचे धावपटू वेगवान झाले आणि मधले मंदावले! मग माणसे आळशी झाली की काय? असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ निघाले. पण आपण विज्ञानाचे विद्यार्थी आहोत. निष्कर्षावर उडी मारण्यापूर्वी आपण काय करतो? आधी मोजमाप तपासतो.

आधी मोजमाप तपासू

प्रयोगशाळेत उत्तर विचित्र आले की आपण फूटपट्टी आणि घड्याळ पाहतो. येथेही तसेच करू.

पहिली शंका अंतराची. पूर्वीचे मार्ग आखूड तर नव्हते? ही शंका अगदीच निराधार नाही. १९८१ साली न्यूयॉर्कमध्ये अल्बर्टो सालाझार याने २ तास ८ मिनिटे १३ सेकंद अशी वेळ दिली आणि तो जागतिक उच्चांक म्हणून गाजला. पुढे तो मार्ग पुन्हा काळजीपूर्वक मोजला, तेव्हा तो सुमारे १५० मीटरांनी कमी भरला!

रस्त्याची शर्यत मोजण्याची आजची रीत मोठी मजेदार आहे. सायकलच्या पुढच्या चाकाला फेरे मोजणारे एक लहानसे यंत्र बसवतात. अॅलन जोन्स यांनी १९७१ साली ते तयार केले, म्हणून त्याला 'जोन्स काउंटर' म्हणतात. अचूक मोजलेल्या सरळ रस्त्यावर सायकल चालवून आधी एका किलोमीटरला किती आकडे पडतात ते पाहायचे आणि मग संपूर्ण मार्गावर सायकल चालवायची. तीही वळणावळणाला आतल्या कडेपासून सुमारे ३० सेंटिमीटर अंतर राखून, कारण धावणारा सर्वांत जवळचा रस्ता पकडणार. शिवाय चूक झाली तरी मार्ग आखूड पडू नये म्हणून हजारात एक भाग, म्हणजे मॅरेथॉनला ४२ मीटर, अंतर जास्तच धरतात.

मग कोडे सुटले का? हिशेब करा. किलोमीटरला सहा मिनिटे या वेगाने १५० मीटर धावायला ५४ सेकंद लागतात. आपल्याला शोधायची आहेत ४७ मिनिटे! एवढ्याशा भोकातून एवढा मोठा हत्ती जाणार नाही.

दुसरी शंका घड्याळाची. पूर्वी पिस्तुलाचा बार झाला की सर्वांचे घड्याळ एकदम सुरू होई. हजारोंच्या गर्दीत मागे उभ्या असलेल्या माणसाला आरंभरेषेपर्यंत पोचायलाच कित्येक मिनिटे लागत आणि तीही त्याच्या नावावर पडत. १९९० नंतरच्या दशकात बुटाला बांधायची छोटी इलेक्ट्रॉनिक चकती आली. ती आरंभरेषा आणि अंतिम रेषा ओलांडल्याची वेळ आपोआप नोंदवते. पण नीट विचार करा. या चकतीमुळे वाट पाहण्याची मिनिटे वजा होतात. म्हणजे घड्याळाच्या सुधारणेने नव्या काळातील वेळा कमी दिसायला हव्यात, जास्त नव्हे! ही शंका आपल्याला उलट्याच दिशेला नेते.

तिसरी शंका हवेची. उकाड्यात शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, घाम जातो आणि वेग उतरतो. १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये शर्यतीच्या दिवशी तापमान सुमारे २६ अंश सेल्सिअसपर्यंत चढले होते आणि धावणाऱ्यांचे हाल झाले. पण हवा एखादे वर्ष बिघडवते. शेकडो गावांतल्या शर्यती तीस-चाळीस वर्षे सतत एकाच दिशेने ती ढकलणार नाही.

तेव्हा फूटपट्टी, घड्याळ आणि हवा या तिघांनाही सोडून देऊ आणि एक वेगळाच प्रश्न विचारू. आपण कोणाची सरासरी काढत आहोत?

रस्त्यावर कोण आले?

न्यूयॉर्क मॅरेथॉनचा जन्म १३ सप्टेंबर १९७० रोजी झाला. नावे नोंदवली होती फक्त १२७ जणांनी. प्रवेश फी एक डॉलर. शर्यत सेंट्रल पार्क नावाच्या उद्यानातच फेऱ्या मारून पुरी करायची होती. ५५ जणांनी ती पुरी केली. विजेता गॅरी मर्की हा अग्निशामक दलातला जवान होता. धावणाऱ्यांत स्त्री एकच होती आणि प्रकृती बरी नसल्याने तिला शर्यत अर्धवट सोडावी लागली.

१९७६ साली हीच शर्यत उद्यानातून शहराच्या रस्त्यांवर आली, तेव्हा सुमारे दोन हजार जण धावले. २०१९ आणि २०२४ या दोन्ही वर्षी ती पुरी करणाऱ्यांची संख्या पन्नास हजारांच्या वर होती.

संपूर्ण अमेरिकेचे चित्रही असेच आहे. १९७६ साली तेथे सुमारे २५ हजार मॅरेथॉन पुऱ्या झाल्या, तर २०१४ साली सुमारे साडेपाच लाख. म्हणजे बावीसपट!

ही माणसे आली कोठून? १९६८ साली केनेथ कूपर या डॉक्टरांचे 'एरोबिक्स' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि हृदय व फुप्फुसे यांच्या आरोग्यासाठी सामान्य माणसानेही धावावे, हा विचार घरोघरी पोचला. १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या फ्रँक शॉर्टरने मॅरेथॉनचे सुवर्णपदक मिळवले आणि ते तेथील लोकांनी दूरदर्शन संचावर पाहिले. पुढे एखाद्या चांगल्या कामासाठी देणग्या जमवत धावणारे आले, वजन कमी करण्यासाठी धावणारे आले, मित्रमंडळींबरोबर गंमत म्हणून धावणारेही आले. जिंकणे हे यांचे ध्येय नव्हतेच. पुरे करणे हेच ध्येय.

आणि स्त्रिया आल्या! ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एवढे अंतर स्त्रीच्या शरीराला झेपणार नाही, असे एके काळी मोठमोठे जाणतेही सांगत. १९६७ साली बॉस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरिन स्विट्झर ही विद्यार्थिनी आपल्या नावाची केवळ आद्याक्षरे देऊन, २६१ क्रमांक लावून धावू लागली. तेव्हा एका अधिकाऱ्याने धावत्या शर्यतीत तिच्या अंगावरचा क्रमांक ओढून काढण्याचा प्रयत्न केला. तरी तिने शर्यत पुरी केली. बॉस्टनने स्त्रियांना रीतसर प्रवेश दिला तो १९७२ साली. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन सुरू व्हायला १९८४ साल उजाडले. अमेरिकेत मॅरेथॉन पुरी करणाऱ्यांत १९८० साली शंभरात दहाच्या आसपास स्त्रिया होत्या. २०१४ साली शंभरात त्रेचाळीस.

वयाची अटही अशीच गळून पडली. पंजाबात जन्मलेले आणि पुढे इंग्लंडमध्ये राहिलेले फौजा सिंग यांनी लंडनची मॅरेथॉन २००० साली पुरी केली, तेव्हा त्यांच्या पासपोर्टवरील जन्मतारखेप्रमाणे ते ८९ वर्षांचे होते. वेळ लागली सुमारे ६ तास ५४ मिनिटे. आता सांगा, त्यांच्या येण्याने त्या शर्यतीची सरासरी सुधारली की बिघडली? आकडा अर्थातच बिघडला. पण शर्यत बिघडली असे कोण म्हणेल?

शाळेच्या मैदानावरचे गणित

हे सारे एका लहानशा काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, तुमच्या शाळेत पाच किलोमीटरची शर्यत आहे. पहिल्या वर्षी फक्त संघातले पाच तयार खेळाडू धावले. त्यांना लागलेली मिनिटे अशी : २०, २१, २२, २३, २४. सरासरी २२ मिनिटे आणि मध्यकही २२ मिनिटे.

वर्षभर या पाचही जणांनी कसून सराव केला. दुसऱ्या वर्षी प्रत्येकाची वेळ एका मिनिटाने सुधारली : १९, २०, २१, २२, २३. पण त्या वर्षी मुख्याध्यापकांनी जाहीर केले, की ज्याला वाटेल त्याने धावावे. मग पूर्वी कधीही न धावलेली आणखी सहा मुले-मुली आली. त्यांच्या वेळा पडल्या २८, ३०, ३१, ३३, ३५ आणि ४० मिनिटे.

अकरा जणांची बेरीज ३०२. सरासरी जवळजवळ साडेसत्तावीस मिनिटे! मध्यक, म्हणजे सहाव्याची वेळ, २८ मिनिटे. कागदावर शाळा साडेपाच मिनिटांनी मंदावली. प्रत्यक्षात काय झाले? जुने पाचही जण अधिक वेगवान झाले आणि काल झाडाखाली बसून असलेले सहा जण आज धावू लागले. एकही माणूस मंदावला नाही आणि सरासरी मात्र मंदावली.

कोड्याची किल्ली हीच. सरासरी बदलते ती दोन कारणांनी. एक, माणसे बदलतात म्हणून. आणि दुसरे, मोजली जाणारी माणसेच वेगळी असतात म्हणून. नुसत्या सरासरीकडे पाहून यांतले कोणते कारण घडले, ते कधीच सांगता येत नाही.

दोन गट, एक सरासरी

याहून चमत्कारिक गोष्ट पुढे आहे. पुन्हा एक काल्पनिक शर्यत घेऊ. पुरुषांची सरासरी २२० मिनिटे आणि स्त्रियांची २६० मिनिटे. शंभरात ९० पुरुष आणि १० स्त्रिया. सर्वांची मिळून सरासरी येते २२४ मिनिटे. (गुणाकार करून पाहाच.)

काही वर्षांनी दोन्ही गट दहा-दहा मिनिटांनी सुधारले. पुरुष २१०, स्त्रिया २५०. पण आता शंभरात ५० पुरुष आणि ५० स्त्रिया आहेत. सर्वांची सरासरी काढा. येते २३० मिनिटे! पुरुष वेगवान झाले, स्त्रिया वेगवान झाल्या आणि दोघे मिळून मंदावले! एडवर्ड सिम्पसन या संख्याशास्त्रज्ञाने १९५१ साली अशा गोष्टींची चर्चा केली, म्हणून अशा प्रकाराला 'सिम्पसनचा विरोधाभास' म्हणतात.

येथे मात्र एक सावधगिरी हवी. मघाशी सांगितलेल्या खऱ्या आकड्यांत पुरुषांचा मध्यक वेगळा काढला तरी तो ४७ मिनिटांनी वाढलेला आहे. तेव्हा 'स्त्रिया आल्या म्हणून सगळे मंदावले' असे म्हणणे साफ चूक ठरेल. पुरुषांच्या गटातही पूर्वी आठवड्याला शंभर किलोमीटर धावणारे तयार गडी अधिक होते. नंतर त्यात कचेरीतून घरी येऊन जमेल तसा सराव करणाऱ्यांची मोठी भर पडली. गट आतूनच बदलला.

चाळणी बदलली की पीठ बदलते

बॉस्टनची शर्यत या बाबतीत उद्बोधक आहे. १८९७ पासून चालत आलेल्या या शर्यतीत गर्दी वाढू लागली, तेव्हा १९७० साली प्रवेशासाठी अट घातली गेली, की धावणाऱ्याने चार तासांच्या आत पुरे करण्याइतका सराव केलेला असावा. अट कडक होत गेली. १९८० साली तर चाळिशीच्या आतील पुरुषाने आधी एखादी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटांच्या आत पुरी केलेली असणे आवश्यक होते. पुढे ही अट काही काळ सैल झाली आणि नंतर पुन्हा आवळली गेली.

अशा शर्यतीची सरासरी ही धावणाऱ्यांइतकीच दाराशी लावलेल्या चाळणीची असते. चाळणी बारीक केली की पीठ बारीक पडते. त्यात गव्हाचे श्रेय काहीच नाही. म्हणून दोन शर्यतींची तुलना करण्यापूर्वी दोघींच्या चाळण्या पाहाव्यात.

आकड्यांच्या ढिगातून माणूस दिसतो

एक आकडा फसवतो, तर मग पाहायचे काय? संपूर्ण चित्र. आडव्या अक्षावर वेळ घ्या आणि प्रत्येक मिनिटात किती जण पोचले, ते उभ्या अक्षावर काढा. याला आयतालेख म्हणतात. मॅरेथॉनचा आयतालेख दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. डावीकडे, म्हणजे वेगवान बाजूला, तो चटकन संपतो. कारण हृदय, फुप्फुसे आणि स्नायू यांची मर्यादा तेथे भिंतीसारखी उभी असते. उजवीकडे मात्र तो लांब शेपटीसारखा पसरतो, कारण सावकाश जायला मर्यादा नाही. नवे लोक आले की ही शेपटी जाड होते. डावीकडची भिंत जागची हलत नाही.

चार संशोधकांनी १९७० ते २०१३ या काळातल्या सुमारे ९८ लाख वेळा गोळा करून असे चित्र तयार केले. त्यात एक नवल दिसले. ३ तास, साडेतीन तास, ४ तास अशा पूर्णांकी खुणांच्या जरा अलीकडे माणसांची दाटी होती आणि खूण ओलांडताच संख्या एकदम घसरत होती. स्नायूंना काही 'चार' हा आकडा ठाऊक नसतो! तो ठाऊक असतो मनाला. चार तासांच्या आत पोचायचेच, असे ठरवून आलेला माणूस शेवटच्या दोन किलोमीटरांत उरलेली सगळी ताकद लावतो. म्हणजे ज्यांना आपण 'मंद' म्हणून हिणवत होतो, ती माणसे एकेका मिनिटासाठी झगडत होती. सरासरीने हे आपल्याला कधीच सांगितले नसते.

प्रश्न नीट विचारावा

मग वेगवान धावपटू खरोखर कमी झाले का, हा प्रश्न विचारायचाच नाही काय? अवश्य विचारावा, पण योग्य मापाने. सरासरी सोडा आणि डोकी मोजा. ठरावीक वेळेच्या आत किती जण पोचले, हे वर्षावर्षाला मोजा. असे मोजल्यावर दिसते, की १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत २ तास २० मिनिटांच्या आत मॅरेथॉन धावणारे अमेरिकन पुरुष जितके होते, त्यांहून २००० सालाच्या सुमारास पुष्कळच कमी होते. ही घट खरी होती आणि तिची कारणे शोधणे योग्यच होते. पण ती थोड्या निवडक खेळाडूंची गोष्ट झाली. लाखो नवागतांच्या माथी तिचे खापर फोडता येत नाही. त्यांनी कोणाचे पाय धरून ठेवले नव्हते.

हा धडा धावण्यापुरताच नाही. एखाद्या शाळेत पूर्वी दहावीच्या परीक्षेला निवडक वीस मुले बसत आणि आता गावातली सगळी साठ बसतात. सरासरी गुण उतरले, तर शाळा बिघडली असे लगेच म्हणावे काय? एखाद्या रुग्णालयात अत्यवस्थ रुग्णांनाही दाखल करून घेऊ लागले आणि मृत्यूचे प्रमाण वाढले, तर डॉक्टर वाईट झाले काय? असे होणे अशक्य नाही. पण नुसत्या सरासरीवरून ते सिद्ध होत नाही. सरासरी सुधारण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे दुबळ्यांना दाराबाहेर ठेवणे. म्हणून कोणी चांगली सरासरी दाखवली, की आधी विचारावे : दाराबाहेर कोण राहिले?

करून पाहा

तुमच्या वर्गातील सर्वांनी, खेळाडूंनी आणि कधी न धावणाऱ्यांनीही, मैदानाला चार फेऱ्या माराव्यात. दमल्यास चालावे, पण पुरे करावे. प्रत्येकाची वेळ नोंदवा. आधी फक्त पहिल्या पाच जणांची सरासरी आणि मध्यक काढा. मग दहा जणांचा, मग सर्वांचा. आकडा कसा सरकतो ते पाहा. नंतर सर्वांच्या वेळांचा आयतालेख काढा आणि त्याला डावीकडे भिंत व उजवीकडे शेपटी दिसते का, ते तपासा. महिनाभर सराव करून पुन्हा धावा. या वेळी मात्र वर्गाच्या सरासरीची तुलना करू नका. प्रत्येकाच्या नव्या वेळेची तुलना त्याच्याच जुन्या वेळेशी करा. कोण किती सुधारला, याचे खरे उत्तर तेथेच मिळेल. आणि सर्वांत मोठी सुधारणा शेपटीच्या टोकाला असलेल्या एखाद्याने केलेली आढळली, तर त्याचे नाव फळ्यावर सर्वांत वर लिहा!